समुपदेशन सत्राची नोंद त्याच दिवशी लिहिणे खरोखर आवश्यक आहे, की आठवड्याअखेरीस एकत्र लिहिली तरी चालते?

त्याच दिवशी लिहावी, आणि शक्य असेल तर पुढची व्यक्ती आत येण्यापूर्वीच. त्यासाठी दोन सत्रांमध्ये दहा-पंधरा मिनिटे मोकळी ठेवावीत, कारण लागोपाठ अनेकांचे ऐकल्यानंतर कोणी नेमके काय म्हटले, हे संध्याकाळी वेगळे करणे कठीण जाते. व्यक्तीने सांगितलेले, आपल्याला दिसलेले, आपले आकलन आणि पुढील योजना एवढे पुरेसे असते.

मात्र आत्महत्येच्या विचाराचा किंवा कोणाला इजा करण्याचा उल्लेख झाला असेल, तर ती नोंद उद्यावर मुळीच ढकलू नये. विचार किती तीव्र आहे, साधन हाताशी आहे का, आपण काय विचारले, कोणाला आणि किती वाजता कळवले, सुरक्षिततेसाठी काय ठरले, हे सारे त्यात यावे. त्याच रात्री संकट उद्भवले, तर आपल्या जागी असलेल्या सहकाऱ्याला याच ओळींचा आधार असतो.

उशीर झालाच, तर मागची तारीख टाकू नये. लिहिण्याची आणि सत्राची तारीख वेगवेगळी देऊन ‘उशिरा केलेली नोंद’ असे स्पष्ट म्हणावे.

भारतातील मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 25 नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क आहे. त्यामुळे तिने उद्या वाचले तरी तिचा मान राखला जाईल, असेच लिहावे. ‘हट्टी’, ‘नाटकी’ अशी विशेषणे मला नोंदीत अक्षम्य वाटतात.