जाहिरात लिहिल्यावर आधी मोठ्याने वाचून बघ
अरे, तू पाठवलेल्या जाहिरातीत मेहनत दिसतेय तुझी, पण त्यातलं 'सर्वोत्तम दर्जा, विश्वासार्ह सेवा' वाचून डोळ्यासमोर काहीच येत नाही ना. पाण्याच्या बाटलीचंच घे, 'शंभर टक्के लीकप्रूफ' म्हणण्यापेक्षा 'दप्तरात आडवी पडली तरी वह्या कोरड्या' असं लिही, लगेच पटतं. आणि असे शब्द स्वतः जुळवत बसू नकोस, गिऱ्हाईकांचे रिव्ह्यू वाच, खास करून तक्रारीवाले, तिथे लोक अगदी मनातलं बोलतात आणि आपली निम्मी कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, तिथेच सापडते. मी लिहून झालं की मोठ्याने वाचते, जीभ अडखळली की ते वाक्य सरळ उडवते. 'त्वरा करा' तर नकोच, माल खरंच संपत असेल तर किती नग उरलेत तेवढं सांग. पहिली ओळ खोडून बघ एकदा, बऱ्याचदा ती नुसती हात मोकळा करायला लिहिलेली असते.