मतदाराची आणि उमेदवाराची परीक्षा घ्यावी का?

वाहन चालवायला परवाना लागतो, तलाठी व्हायला स्पर्धा परीक्षा द्यावी लागते, मग मत देण्यासाठी किंवा आमदार होण्यासाठी किमान ज्ञानाची चाचणी का नसावी, असे आपण विचारले आहे. हा प्रश्न उथळ नाही. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत समारोप करताना डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी जवळपास अशीच खंत मांडली होती: कायदा राबवणाऱ्याला उच्च पात्रता लागते आणि कायदा करणाऱ्याला निवडून येण्याखेरीज काहीच लागत नाही, ही त्यांना विसंगती वाटत होती. तरीही ग्रामपंचायत निवडणुकांमध्ये निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे मत आपल्या सूचनेच्या विरुद्ध आहे.

आधी मताविषयी. परवाना नाकारलेला माणूस गाडी चालवत नाही, एवढ्यावर विषय संपतो. मत नाकारलेल्या माणसाला मात्र कर भरावाच लागतो, कायदे पाळावेच लागतात आणि रेशन दुकानापासून पोलीस ठाण्यापर्यंत त्याच सरकारशी गाठ पडते. मत हे त्याच्या हुशारीचे बक्षीस नसून त्याच्यावर चालणाऱ्या सत्तेला जाब विचारण्याचे साधन आहे, आणि ज्याला हे साधन सर्वांत जास्त लागते तोच बहुधा परीक्षेत नापास होईल. शिवाय, परीक्षा म्हटली की परीक्षक आलाच, आणि खरी मेख तिथे आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याने १८९० च्या आपल्या राज्यघटनेत मतदार होऊ इच्छिणाऱ्याने घटनेचे कलम वाचून दाखवावे किंवा त्याचा वाजवी अर्थ सांगावा, अशी अट घातली होती. अट कागदावर सर्वांना सारखी होती. अर्थ वाजवी आहे की नाही, हे मात्र नोंदणी करणारा गोरा अधिकारी ठरवत असे. १९६४ मध्ये तेथील मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ७ टक्केच मतदार यादीत होते. १९६५ च्या मताधिकार कायद्याने अशा चाचण्या स्थगित केल्या आणि नोंदणीवर केंद्र सरकारची देखरेख आणली, तेव्हा १९६७ पर्यंत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. दोन-तीन वर्षांत तेथील माणसे एकाएकी सुशिक्षित झाली नव्हती.

आपल्याकडे १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या घरात होती. साक्षरतेची अट लावली असती, तर पहिली सार्वत्रिक निवडणूक मूठभरांची झाली असती. त्याऐवजी निवडणूक आयोगाने चिन्हे दिली आणि मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी ठेवली. मतदाराला वाचता येत नसेल, तर व्यवस्थेने त्याला वाचता येईल अशी मतपेटी तयार करावी, हा त्यामागचा विचार मला आजही कोणत्याही चाचणीपेक्षा अधिक प्रगल्भ वाटतो.

पदाच्या बाबतीत आपली बाजू थोडी बळकट आहे, हे मान्य करतो. सरपंच ग्रामसेवकासोबत धनादेशावर सही करतो. काय लिहिले आहे हे कळत नसेल तर गाव गोत्यात येऊ शकते. हाच युक्तिवाद घेऊन राजस्थानने २०१४ मध्ये आणि हरियाणाने २०१५ मध्ये पंचायत उमेदवारांना शिक्षणाची अट घातली. हरियाणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी वैध ठरवला. त्या प्रकरणात सरकारच्याच आकडेवारीनुसार ग्रामीण भागातील वीस वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ५७ टक्केच शैक्षणिक अट पूर्ण करत होते. उरलेल्यांमध्ये कोण असणार, हे सांगायला नको. राजस्थानने २०१९ मध्ये ही अट मागे घेतली. गंमत अशी की, पंचाला दहावी-आठवीची अट घालणाऱ्या आमदारांना स्वतःला कोणतीही शैक्षणिक अट नव्हती आणि आजही नाही.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये तुलनेने सौम्य मार्ग घेतला. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच सातवी उत्तीर्णची अट लागू केली, म्हणजे जुन्या पिढीला वगळले. तरीही एका छाननीत माझ्यासमोर जे आले, ते सांगतो. अर्जदार ऊसतोड कामगारांची मुलगी होती. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर कारखान्यावर जायचे आणि उन्हाळ्यात परतायचे, या क्रमात तिची शाळा सहावीतच सुटली होती. बचत गटाचे हिशेब ती ठेवत असे आणि तिची वही माझ्या कार्यालयातील काही नोंदवह्यांपेक्षा नीटनेटकी होती. प्रतिस्पर्ध्याने शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत पुढे केली. नियम स्पष्ट असल्यामुळे मला तिचा अर्ज बाद करावा लागला. ज्या व्यवस्थेने तिला शाळेत टिकू दिले नाही, तिनेच शाळेचा दाखला मागितला. छाननीच्या टेबलावर अशी अट सहसा पात्रता मोजण्याच्या कामी येत नाही, प्रतिस्पर्धी बाद करण्याच्या कामी येते. दोन अपत्यांच्या अटीबाबतही मी तेच पाहिले: हरकत घेणाऱ्याला लोकसंख्येची चिंता क्वचितच असते.

शिवाय, शालेय शिक्षण आणि कारभार यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. वसंतदादा पाटील यांचे शालेय शिक्षण जेमतेम होते, आणि विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना राज्याची दारे त्यांच्याच सरकारने १९८३ मध्ये उघडली. तो निर्णय बरा की वाईट, यावर वाद घाला. तो समज नसलेल्या माणसाचा निर्णय होता, असे मात्र म्हणता येणार नाही.

याचा अर्थ पदावर काहीच बंधन नसावे, असा नाही. न्यायालयात गुन्हा सिद्ध झाल्यास अपात्रता यावी, कारण तेथे पुरावा असतो, बचावाची संधी असते आणि अपील असते. उमेदवाराने गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती शपथपत्रात द्यावी, हेही योग्यच, कारण ती माहिती पाहून मतदार स्वतः निर्णय घेतो. सरपंचाला अर्थसंकल्प, निविदा आणि लेखापरीक्षण समजले पाहिजे, ही आपली अपेक्षाही रास्त आहे. पण ते निवडून आल्यानंतर शिकवावे. पुण्यातील यशदासारखी सरकारी प्रशिक्षण संस्था अशाच कामासाठी आहे. पहिल्या तीन महिन्यांत प्रशिक्षण सक्तीचे करा, गैरहजर राहिल्यास मानधन थांबवा, आणि धनादेशावर सही करण्यापूर्वी त्यातील मजकूर मासिक सभेत मोठ्याने वाचून दाखवण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर टाका.