हत्ती मस्त, हत्तीण माजावर

विचारणा अशी आहे: "एका माहितीपटाच्या मराठी निवेदनात 'मादी हत्ती आता मस्थमध्ये आली आहे' असं ऐकलं. हे बरोबर का? की 'माजावर आली' म्हणायला हवं? आणि उंदरांनाही माज येतो का?"

एका वाक्यात तीन चुका! 'मादी हत्ती' कशाला? हत्तीण हा शब्द काय झिजला? दुसरं, 'मस्थ' असा शब्दच नाही. पीलखान्यातला, म्हणजे हत्तीखान्यातला, 'मस्त' साहेबाने उचलला, त्याच्या शेपटीला एक एच चिकटवला, आणि आता आमचे निवेदक तो एच इमानेइतबारे उच्चारून परत आणताहेत. तिसरी चूक मोठी. हत्तीण मस्तीवर येतच नाही. मस्ती, म्हणजे बेभान होण्याचा तो काळ, नराची. मादीला येतो तो माज, म्हणजे समागमाला तयार असण्याचा काळ.

ही चूक कुठून आली असावी तेही सांगतो. डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून गालावर स्राव, म्हणजेच मद, ओघळतो, ही मस्तीची ठळक खूण. (ते गंडस्थळ. डोक्यावरचे दोन उंचवटे ते कुंभस्थळ. ही अदलाबदल तर रोजचीच.) पण आफ्रिकेत हत्तिणींच्याही गालांवर असा ओघळ दिसतो. त्यामुळे आफ्रिकी हत्तीला मस्ती येते हेच शास्त्रज्ञ बराच काळ मान्य करत नव्हते. केनियातल्या अंबोसेलीच्या हत्तींवर काम करणाऱ्या जॉयस पूल आणि सिंथिया मॉस यांनी 1981 साली ते दाखवून दिलं. मस्तीत नुसते गाल ओघळत नाहीत, मूत्रही थेंबथेंब गळत राहतं, नर आक्रमक होतो, आणि हे कित्येक आठवडे चालतं. मस्ती नसतानाही नर समागम करू शकतो, म्हणून 'मस्ती म्हणजे नराचा माज' हे समीकरणही लंगडं. हत्तिणीचा माज वेगळा: साधारण 16 आठवड्यांच्या चक्रात मोजके दिवस. गाईचा 21 दिवसांनी, हे गोठेवाल्यांना सांगायला नको.

आता खरी गंमत. गेल्या महिन्यात एका व्याख्यानात वक्ते छातीठोकपणे म्हणाले, "मस्तकातून गळतो म्हणून मस्त." टाळ्याही पडल्या. मग 'मस्त चहा' कुणाच्या मस्तकातून गळतो? मस्त हा फारसी शब्द, अर्थ नशेत असलेला. आणि भाषाशुद्धीवाल्यांनो, तो फारसी असला तरी परका नाही. तो आपल्या 'मत्त'चा सख्खा चुलतभाऊ. मूळ धातू 'मद्', त्याला लागला 'त'. दोन दंत्य वर्ण (त, द वगैरे) असे शेजारी आले की संस्कृत त्यांचं द्वित्त करते आणि फारसीसारख्या इराणी भाषा मध्ये 'स' आणतात. म्हणून इकडे मत्त, तिकडे मस्त. पटत नसेल तर 'बंदोबस्त' घ्या. त्यातला बस्त म्हणजे आपला 'बद्ध'. म्हणजे पोलीस बंदोबस्त आणि मस्त हत्ती एकाच नियमाने बांधलेले आहेत!

त्याच 'मद्'चं 'माद्यति', प्राकृतात 'मज्जइ', मराठीत 'माजणे'. अद्यचं आज झालं, विद्युतची वीज झाली, तसंच. मत्तवरून 'मातणे'. म्हणजे मद, मद्य, उन्माद, माज, मातणे आणि मस्त हे सगळं एकच कुटुंब. 'मजा' मात्र त्यातली नव्हे. ती फारसीतली चव, तिला माजाशी जोडू नका.

आणि एक माझं लाडकं मत. लॅटिनमधलं 'मादेरे' याच धातूचं मानतात आणि त्याचा अर्थ ओलं असणं, निथळणं. म्हणजे नशा नंतरची, ओल आधीची. आता कहाणीतलं वाक्य आठवा: उतू नये, मातू नये. उतणं दुधाचं, काठावरून बाहेर जाणं. त्याच्या जोडीला मातणं उगाच बसवलंय का? मला तर तिथे ओघळणारं गंडस्थळच दिसतं. कोशात हे सापडणार नाही, पण कोशकार कधी हत्तीजवळ गेले होते?

कवी गेले होते. मदगंधाने भुंगे हत्तीच्या गालांभोवती घोंगावतात हे संस्कृत काव्यात इतक्यांदा येतं की आपण त्याला ठरावीक अलंकार म्हणून सोडून देतो. 2002 साली रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की आशियाई हत्तीच्या कोवळ्या नराचा मद मधासारखा गोड वासाचा असतो. प्रौढ नराचा उग्र, घाणेरडा. म्हणजे भुंगे खरे, फक्त हत्ती पोरसवदा.

हां, उंदीर राहिले. येतो ना माज, आणि भरपूर येतो. उंदरीण दर 4-5 दिवसांनी माजावर येते, तीन आठवड्यांत विते, आणि व्याल्यावर एका दिवसाच्या आत पुन्हा माजावर येऊ शकते. म्हणून तर 'घरात उंदीर माजलेत' म्हणतो तेव्हा शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात. मस्तीवर मात्र उंदीर यायचा नाही. त्यासाठी आधी गंडस्थळ हवं.