पाणी ओसरलं, मग आता कसला त्रास?

"पाणी ओसरून इतकी वर्षं झाली, मग आता कसला त्रास?" सांगलीत माझ्याकडे समुपदेशनासाठी, पुराविषयी बोलायला आलेला माणूस हे विचारतोच. बहुतेक वेळा मला नाही, स्वतःला.

तसेच कृष्णाकाठचे एक आप्पा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. आप्पांच्या घरात छातीभर पाणी. तेव्हापासून जुलै लागला की रात्रीतून चार वेळा उठून मोबाइलवर पुलाची पातळी बघायची, धान्याची पोती माळ्यावर चढवायची. "सगळी सावरली मॅडम. मीच तेवढा ऱ्हायलो."

पहिल्या तीन भेटींत मीही त्या 'सावरण्या'भोवतीच घुटमळले. चौथ्या वेळी सोबत आलेल्या नातीनं अभ्यासातला शब्द विचारला. आफ्टरमाथ म्हणजे संकटानंतरचे परिणाम ना? मी म्हटलं, आज तोच अर्थ. पण मूळचा तो गवताचा शब्द. 'माथ' म्हणजे कापणी. पहिल्या कापणीनंतर त्याच कुरणात पुन्हा उगवतं ते आफ्टरमाथ.

आप्पांनी मान वर केली. "म्हंजे आमचा खोडवाच की!"

खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक. मग आप्पा तेच सांगत सुटले. ऊस तुटून गेला की बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट पेटवायचं नाही, सरीत बसवायचं, नांग्या, म्हणजे मधे रिकाम्या पडलेल्या जागा, भरायच्या, पहारीनं खत द्यायचं. "लोक नव्या लागणीला जपत्यात, खोडव्याकडं बघत न्हाईत. मग टनेज कुठनं पडणार?"

माणसाला त्याच्याच बोलीतलं नाव सापडलं की तो हलतो, हा माझा जुना आग्रह. त्या दिवशी तो डोळ्यांसमोर खरा झाला. माझी चूकही कळली. 'ओसरला का?' हा प्रश्न पाण्याला विचारायचा. मी तो आप्पांना विचारत होते.

"आप्पा, तुमच्या नांग्या कुठं पडल्यात?"

बराच वेळ गेला. "भजनाला जात न्हाई. टाळ पुरात गेलं."

तिथून पुढचं काम सोपं नव्हतं, पण दिसू लागलं. टाळ आणायचे. पातळी बघायची ती सकाळ-संध्याकाळ, रात्री फोन सुनेकडे. घरच्यांनी 'झालं गेलं विसरा' म्हणायचं नाही. त्यानं माणूस फक्त बोलायचा थांबतो. तुमच्या घरात झोप उडणं, दचकणं महिन्याहून जास्त टिकलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 'टेली मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

पोती चढवणं मात्र मी बंद करायला सांगितलं नाही. नदीकाठी ते शहाणपणच आहे. यंदा सून खालून पोती देत होती, आप्पा वर घेत होते.