व्हिडिओतली हालचाल ओळखणारं मॉडेल: महागडं कार्ड घेण्याआधी काय करायचं?

प्रश्न: मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. व्हिडिओतल्या कृती ओळखण्याचं मॉडेल यूसीएफ१०१ या डेटासेटवर (लेबल लावलेल्या व्हिडिओंच्या संग्रहावर) शिकवलं. अचूकता नव्वदीच्या पुढे गेली, पण स्वतः शूट केलेल्या व्हिडिओंवर मॉडेल काहीच्या काही उत्तरं देतं. मोठं जीपीयू (मॉडेलचं गणित वेगाने करणारं ग्राफिक्स कार्ड) घेतल्याशिवाय या क्षेत्रात काही होणार नाही, असं मित्र म्हणतात. याच विषयात करिअर करायचं आहे. पुढचं वर्षभर काय करू?

उत्तर: जीपीयूचं नंतर बघू, आधी ती नव्वदी तपास. यूसीएफ१०१ मध्ये १०१ वर्ग (कृतींचे प्रकार) आणि १३,३२० क्लिप आहेत. प्रत्येक वर्गातल्या क्लिप २५ गटांत विभागलेल्या आहेत. एका गटातल्या क्लिपमध्ये बऱ्याचदा तीच माणसं आणि तीच पार्श्वभूमी असते. फाइलच्या नावातला ‘जी’ पुढचा आकडा म्हणजे हा गट. तू सगळ्या क्लिप एकत्र मिसळून ८०-२० अशी विभागणी केली असशील, तर एकाच गटातल्या क्लिप शिकवण्यातही आल्या आणि परीक्षेतही. म्हणजे पेपर आधीच फुटला होता. डेटासेटसोबत शिकवण्याच्या आणि चाचणीच्या क्लिप वेगळ्या करणाऱ्या तीन अधिकृत याद्या मिळतात, त्या वापर. आकडा घसरेल, पण तो खरा असेल.

दुसरी तपासणी पाच ओळींच्या कोडची आहे: चाचणीच्या वेळी फ्रेमचा (व्हिडिओतल्या एकेका चित्राचा) क्रम विस्कटून दे. अचूकता जवळपास तेवढीच राहिली, तर मॉडेल हालचाल बघतच नाही. तलाव दिसला की पोहणं, हिरवळ दिसली की गोल्फ, असं ते पार्श्वभूमीवरून ओळखतंय. घरातल्या व्हिडिओत त्याचं पितळ उघडं पडणारच.

म्हणून पुढचा प्रकल्प समथिंग-समथिंग या व्हिडिओ डेटासेटच्या दुसऱ्या आवृत्तीवर कर. त्यात १७४ वर्ग आहेत. सगळे नको, दहाच घे, तेही विरुद्ध जोड्यांचे: उघडणं-बंद करणं, डावीकडून उजवीकडे ढकलणं आणि उजवीकडून डावीकडे. इथे एका फ्रेमवरून फारसं कळत नाही, क्रम लागतोच. एक सापळा मात्र आहे. चित्रांच्या प्रशिक्षणात आडवी उलटापालट (आरशात दिसतं तसं चित्र) करायची सवय असते. इथे तसं केलंस तर डावं-उजवं बदलतं आणि लेबल जुनंच राहतं. ती बंद ठेव, नाहीतर लेबलही बदल.

आता कमी खर्चात शिकवण्याचं. चित्रावरून सरकणाऱ्या ३×३ च्या फिल्टरमध्ये ९ वजनं (मॉडेल शिकतं ते आकडे) असतात, काळाची मिती जोडून ३×३×३ केलं की २७. गणितही त्या प्रमाणात वाढतं. ते टाळायचा सर्वात सुटसुटीत मार्ग म्हणजे २०१९ चं टेम्पोरल शिफ्ट मॉड्यूल. चित्रांवर शिकलेलं साधं रेझनेट (चित्र ओळखणारं प्रचलित नेटवर्क) घ्यायचं, त्याच्या प्रत्येक रेसिड्युअल ब्लॉकच्या, म्हणजे थरांच्या गटाच्या, आतल्या फांदीत एक-अष्टमांश चॅनल (फ्रेममधून काढलेल्या माहितीचे पदर) पुढच्या फ्रेममधून आणि एक-अष्टमांश मागच्या फ्रेममधून आणायचे, उरलेले जागच्या जागी. गुणाकार एकही वाढत नाही. सगळेच चॅनल मात्र सरकवू नकोस: मेमरीतली हलवाहलव वेळ खाते आणि त्या फ्रेमची स्वतःची माहितीही पातळ होते.

बहुतेक जण अडकतात ते रीशेपमध्ये, म्हणजे आकड्यांची मांडणी बदलताना. बॅच (एका वेळी दिलेल्या क्लिप) आणि फ्रेम या मिती चुकीच्या क्रमाने उलगडल्या तर एका व्हिडिओची फ्रेम दुसऱ्यात घुसते. एरर येत नाही, लॉसही (मॉडेलच्या चुकीचं माप) थोडाफार उतरतो, त्यामुळे आठवडा वाया जातो. तपासायला दोन खोट्या क्लिप बनव: पहिलीच्या आठ फ्रेममध्ये १ ते ८ हे आकडे, दुसरीत १०१ ते १०८. शिफ्टनंतर पहिल्या क्लिपच्या एका भागात २ ते ८ आणि शेवटी ०, दुसऱ्या भागात सुरुवातीला ० आणि मग १ ते ७ दिसायला हवं. तिथे १०१ दिसला, की चूक सापडली. तसंच रँडम क्रॉप (चित्राचा कुठलाही एक भाग कापून घेणं) क्लिपला एकदाच ठरव. फ्रेमगणिक वेगळा क्रॉप पडला तर चित्र थरथरतं आणि मॉडेल ती थरथरच शिकतं.

रेझनेट-१८ (१८ थरांचं लहान रेझनेट), क्लिपचे आठ समान भाग करून प्रत्येकातली एक फ्रेम, २२४ पिक्सेल, मिक्स्ड प्रिसिजन (काही गणित कमी बिटांत करणं): एवढ्याला ८ जीबीचं कार्ड पुरतं. फुकटच्या ऑनलाइन नोटबुकवरही जमतं, फक्त सेशन मध्येच तुटतं, म्हणून दर इपॉकला (सगळ्या डेटावरच्या एका फेरीनंतर) चेकपॉइंट, म्हणजे मॉडेलची तेव्हाची प्रत, साठव. बॅच अगदी लहान झाली तर बॅचनॉर्म (बॅचच्या सरासरीवरून आकडे समतोल करणारा थर) गोठव. अनेक लहान बॅचचे ग्रेडियंट (वजनं किती बदलायची ते) साठवून एकदम वापरले तरी बॅचनॉर्मचा प्रश्न सुटत नाही. जीपीयूचा वापर सारखा ० आणि १०० मध्ये झुलत असेल, तर दोष बहुधा कार्डाचा नाही, व्हिडिओ डिकोडिंगचा (दाबून साठवलेल्या व्हिडिओतून फ्रेम काढण्याचा) आहे. मधली एक फ्रेम हवी असली तरी डिकोडरला आधीच्या की-फ्रेमपासून (पूर्ण साठवलेल्या फ्रेमपासून) यावं लागतं. फ्रेम आधीच काढून, लहान बाजू २५६ पिक्सेल करून जेपेगमध्ये ठेव. जागा जास्त लागेल, पण वाट बघणं संपेल. या टप्प्यावर नवं कार्ड घेणं मला तरी उधळपट्टी वाटते.

करिअरचं म्हणशील तर वाटा दोन. नव्या पद्धती शोधायच्या असतील तर पदव्युत्तर शिक्षण आणि बहुधा पीएचडी लागेल. त्यासाठी रेषीय बीजगणित आणि संभाव्यता आत्तापासून पक्की कर. मॉडेल प्रत्यक्ष उपकरणावर चालवायचं असेल तर सी++, एफएफएमपेग (व्हिडिओ हाताळणारं साधन), ओएनएनएक्स (मॉडेल एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचा फॉरमॅट) आणि आठ-बिट क्वांटायझेशन (मॉडेलचे आकडे आठ बिटांत बसवणं) शीक. तुझी तक्रार ‘खऱ्या व्हिडिओवर चालत नाही’ अशी आहे, त्यावरून तुला दुसरी वाट जास्त मानवेल असं वाटतं.

मुलाखतीला नेताना एकच तक्ता कर: शिफ्टशिवाय आणि शिफ्टसह अचूकता, क्रम विस्कटल्यावरची अचूकता, आणि एका क्लिपला लागणारे मिलिसेकंद, डिकोडिंग धरून. वेळ मोजताना सुरुवातीच्या काही फेऱ्या सोडून दे आणि घड्याळ थांबवण्याआधी जीपीयूचं काम संपू दे, नाहीतर आकडा खोटाच चांगला येतो. अनुभवी मुलाखतकार पहिला प्रश्न बहुधा यावरच विचारेल.