लॉग आलेखातून घातांक शोधताना

प्रश्न : लंबकाच्या लांबीबरोबर दोलनकालाचा (एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेचा) आलेख वक्र येतो. लॉग घेतल्यावर तो सरळ कसा होतो?

वक्र वर्गमुळाचा आहे की घनमुळाचा, हे नुसत्या नजरेला कळत नाही. सरळ रेषा मात्र पट्टी लावली की ओळखता येते. सूत्र य = क × क्षⁿ असे असेल (इथे य दोलनकाल, क्ष लांबी, क स्थिरांक आणि ⁿ म्हणजे घातांक न), तर दोन्ही बाजूंचा लॉग घेतल्यावर लॉग य = लॉग क + न × लॉग क्ष मिळते. रेषेचा चढ हाच घातांक न. ०.२५ मीटर लांबीला १.०० सेकंद आणि १ मीटरला २.०१ सेकंद दोलनकाल आला, तर लॉगमधले फरक ०.३०३ आणि ०.६०२. भागाकार ०.५०, म्हणजे वर्गमूळ. प्रयोगात अर्थात सात-आठ बिंदू तरी घ्याच.

प्रश्न : चढ बरोबर येतो, पण क चुकतो.

क वाचायचा तो क्ष = १ असेल तिथे, कारण १ चा लॉग शून्य. आलेखाची डावी कड दुसरीकडेच सुरू होत असेल, तर तिथला छेद उपयोगाचा नाही. एककही तपासा : लांबी मीटरमध्ये घेतली तर क सुमारे २.०, सेंटीमीटरमध्ये ०.२०. घातांक दोन्हींत तोच.

प्रश्न : माझा घातांक ०.४८ येतो आणि आखूड लांबीचे बिंदू रेषेच्या वर जातात. मापनातली चूक म्हणून ते सोडून द्यावेत का?

अजिबात नको! तेच बिंदू तुम्हाला काहीतरी सांगत आहेत. तुम्ही बहुधा फक्त दोरा मोजला, त्यात गोळ्याची त्रिज्या मिळवली नाही. एक सेंटीमीटर त्रिज्या १०० सेंटीमीटर दोऱ्याच्या फक्त १ टक्का, पण १० सेंटीमीटर दोऱ्याच्या तब्बल १० टक्के असते, आणि लॉग आलेखावर दिसते ते हे टक्क्यांचे प्रमाणच. म्हणून रेषा आखूड टोकाला वर वाकते. आधी लांबीत त्रिज्या मिळवा, मग लॉग घ्या. साध्या आलेखात ही चूक सहज लपून गेली असती. इथे ती नेमकी कुठे आहे ते दिसते, म्हणून ही पद्धत मला मनापासून आवडते.

प्रश्न : कपॅसिटरच्या विसर्जनालाही (त्यात साठवलेला विद्युतभार ओसरतो त्यालाही) हाच आलेख चालेल?

नाही. तिथे काळ स्वतःच घातांकात बसलेला असतो. फक्त व्होल्टेजचा लॉग घ्या, काळ आहे तसा ठेवा.