कधी सुटते, कधी नाही : एअरसॉफ्ट रायफलबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे एम-4 धाटणीची, बॅटरीवर चालणारी एअरसॉफ्ट (प्लॅस्टिकचे छर्रे झाडणारी, खेळातली) रायफल आहे. गिअरबॉक्स व्हर्जन 2. बॅटरी 9.6 व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड, 1600 एमएएच, छोटा टामिया कनेक्टर. हल्ली चाप ओढला की कधी लगेच सुटते, तर कधी काहीच होत नाही, आवाजसुद्धा येत नाही. दोन-तीनदा ओढला किंवा मुठीवर थाप मारली की पुन्हा चालू. सिंगलवर (एका चापाला एक छर्रा) त्रास जास्त, ऑटोवर (चाप धरला की सलग) कमी, पण होतो. बॅटरी पूर्ण चार्ज करूनही फरक नाही. एक मित्र म्हणतो गिअर बदल, दुसरा म्हणतो 11.1 व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) लाव. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : दोघांचंही नको. गिअर तुटला असता तर कुरकुर, खडखड किंवा मोटर मोकळी फिरल्याचा आवाज आला असता. तुमच्याकडे अजिबात आवाज नाही, म्हणजे त्या क्षणी मोटरपर्यंत करंटच पोचत नाही. ऑटोवरही कधीकधी बंद पडते, तेव्हा फक्त सिंगलचा कट-ऑफ लिव्हर (एका छर्र्यानंतर करंट तोडणारी पट्टी) दोषी धरता येणार नाही; सिंगल आणि ऑटो या दोन्हींचा जो सामाईक रस्ता आहे, त्यातच कुठेतरी लूज आहे. तो रस्ता असा : बॅटरी, कनेक्टर, फ्यूज, वायर, चापामागचे तांब्याचे काँटॅक्ट, मोटरचे लग (वायरींची चपटी टोकं), मोटरचे कार्बन. थाप मारल्यावर चालते हा तर पत्रातला सगळ्यात मोलाचा धागा आहे, कारण या रायफलीत मोटर मुठीतच असते.

काहीही उघडण्याआधी मॅगझिन काढा, सुरक्षित दिशेला एक-दोन फैरी झाडून नळी रिकामी करा, मग बॅटरी काढा. क्रम हाच ठेवा. संरक्षक चष्मा डोळ्यांवर राहू द्या, कारण पुढे चाप पुन्हा ओढायचा आहे.

पहिल्यांदा कनेक्टर. छोट्या टामियाच्या आतल्या गोल पिना काही महिन्यांत सैल होतात. प्लॅस्टिक पिवळं पडलंय का, कडेला वितळलंय का ते बघा. बॅटरी तात्पुरती परत लावून ऑटोवर थोडा वेळ चालवा आणि कनेक्टरला हात लावा. वायरपेक्षा तो जास्त गरम लागला तर चोर सापडला. सुईने पिना आवळून काम चालतं, पण ते तात्पुरतं. कायमचा इलाज म्हणजे टी-डीन्स किंवा एक्सटी-60 कनेक्टर लावणं. बॅटरीच्या बाजूला डाग देताना एका वेळी एकच वायर कापा, तिला डाग द्या, स्लीव्ह चढवा, आणि मगच दुसरीला हात घाला. दोन्ही टोकं एकदम उघडी राहिली आणि चिकटली तर हात भाजतो आणि बॅटरीही जाते. लाल-काळ्याची अदलाबदल होऊ देऊ नका.

फ्यूज असेल तर तोही तपासा. काचेचा असेल तर तार शाबूत दिसूनही टोपीशी हलत असते, शिवाय होल्डरची स्प्रिंग मऊ पडलेली असते. तो काढून गाडीत असतो तसा पात्याचा फ्यूज आणि होल्डर बसवा. महाराणी रोडवर किंवा कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडे मिळेल. आधी होता तितक्याच अँपिअरचा घ्या. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घालून काम भागवणारे पुष्कळ आहेत. त्यांची वायर जळते तेव्हा गिअरबॉक्सच्या आतच जळते.

आता मूठ. तळाची प्लेट काढण्याआधी मधला अ‍ॅलन स्क्रू कुठे आहे त्यावर पेनाने खूण करा. मोटर किती वर बसेल ते हा स्क्रू ठरवतो. प्लेट काढली की मोटरच्या बुडाशी दोन चपटे लग दिसतील. ते बोटाने सहज निघत असतील तर सैल आहेत : पकडीने किंचित चेपा, इतकेच की बसवताना जोर लागावा. लगाच्या मानेशी वायरचे केस तुटून दोन-चारच उरलेत का, तेही बघा. थाप मारली की चालणाऱ्या रायफलीत बहुधा हेच निघतं. लग परत बसवताना ते धातूच्या प्लेटला टेकणार नाहीत अशी स्लीव्ह चढवा, नाहीतर शॉर्ट होऊन फ्यूज उडेल.

लग ठीक निघाले, तर मल्टिमीटरची बीप ऐकून समाधान मानू नका. रायफल चालताना करंट 15-20 अँपिअरपर्यंत जातो. जोडणीत 0.05 ओहमचा अडथळा असला तरी 20 अँपिअरला पूर्ण 1 व्होल्ट तिथेच खर्च होतो. साध्या मीटरच्या वायरींचाच अडथळा याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे मीटर खुशाल ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळा होतो.

त्यापेक्षा गाडीच्या हेडलाइटचा 12 व्होल्ट, 60/55 वॉटचा बल्ब आणा. मोटर मुठीतून काढा आणि तिच्यावरून निघालेल्या वायरींच्या दोन लगांना बल्बची एक फिलामेंट जोडा. बॅटरी लावून चाप ओढला की बल्ब पेटेल आणि सुमारे 4 अँपिअर घेईल. गिअर फिरत नसल्यामुळे सिंगलवरही चाप धरून ठेवाल तोवर तो पेटलेला राहतो. आता चाप भरपूर वेळा ओढा, एकेक वायर हलवा, कनेक्टर वाकवा, हँडगार्डमध्ये वायर जिथे वळते तिथे दाबा. ज्या जागी हात लागताच बल्ब मिणमिणतो, तिथे दोष. कुठेही न हलवता, नुसता चाप हळू ओढताना लुकलुकला तर चापामागचे काँटॅक्ट. बल्ब दर वेळी एकसारखा पेटला तर रायफलीच्या वायरिंगची सुटका झाली, गुन्हेगार मोटर. काच भाजते, लाकडावर किंवा प्लॅस्टिकवर ठेवू नका. रायफलीत गिअर मोजणारं इलेक्ट्रॉनिक युनिट असेल तर मात्र ही चाचणी चालणार नाही. गिअर फिरला नाही हे बघून ते स्वतःच करंट तोडतं.

मोटरवर संशय आला तर तिचे दोन कार्बन बघा. पितळी खाचेत ते मोकळे सरकले पाहिजेत. काळी भुकटी दाटून अडकले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाच साफ करा. कार्बन इतका झिजला असेल की स्प्रिंगचा हात खाचेच्या कडेलाच टेकतोय, तर जोडी बदला, आणि दोन्ही एकदमच बदला. कार्बन ज्यावर घासतात त्या कम्युटेटरला तीन तुकडे असतात. त्यांच्यामधल्या फटी दात कोरायच्या काडीने उकरा, सुई नको. मग मीटर ओहमवर लावून पिनियन (मोटरच्या टोकाचा छोटा गिअर) बोटाने हळूहळू फिरवा. एखाद्या ठिकाणी मीटर एकदम मोकळं दाखवत असेल आणि मोटर थांबताना नेमकी तिथेच येऊन थांबली, तर पुढचा चाप वाया जातो आणि थाप मारल्यावर चालतो. तुमच्या तक्रारीशी हे अगदी जुळतं.

मोटर परत बसवताना स्क्रू जुन्या खुणेवर आणा आणि मगच ऐका. आवाज किंचाळणारा असेल तर पाव फेरा इकडे-तिकडे करून सगळ्यात शांत जागा शोधा. जास्त आवळला तर मोटर जखडते, सैल ठेवला तर पिनियन बेव्हल गिअरचे दात खातो.

बल्बने चापाकडे बोट दाखवलं तरच गिअरबॉक्स उघडा. त्याआधी अँटी-रिव्हर्सल लॅच सोडून गिअर मागे फिरू द्या, पिस्टन मोकळा करा. तरीही मुख्य स्प्रिंग थोडी दाबलेलीच राहते. मागच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून स्प्रिंग गाइड धरून ठेवा आणि वरचं कवच इंच-इंच उचला. लॅचची नखाएवढी स्प्रिंग इथेच उडून पलंगाखाली जाते, म्हणून सगळा कारभार मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून करा.

सरकती ट्रॉली जिथे तांब्याच्या दोन पात्यांत शिरते, तिथे काळे खड्डे दिसतील. ते ठिणगीने पडलेले असतात. 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त काळं काढा, तांबं खाऊ नका. नंतर अल्कोहोलने पुसा. पाती फाकली असतील तर ट्रॉली घट्ट शिरेल इतपत जवळ आणा. इथे ग्रीस अजिबात नको. घरात असेल तो गंज सोडवायचा स्प्रे मारण्याचा मोह होतो. त्यात धूळ चिकटते आणि सिलिंडरची रबरं बिघडतात.

उघडलंच आहे तर कट-ऑफ लिव्हरही बघा. तो पिस्टन ओढणाऱ्या सेक्टर गिअरच्या उंचवट्याने उचलला जातो आणि ट्रॉलीला चापावरून सोडवतो. टोक झिजलं असेल किंवा स्प्रिंग मऊ असेल तर ट्रॉली अर्धवट परत येते आणि पुढचा चाप तिला पकडतच नाही. सिंगलवर तुम्हाला जास्त त्रास होतो त्यात याचाही हात असू शकतो.

11.1 व्होल्टबद्दल : चढ्या व्होल्टेजमुळे सैल जोडणीतूनही मोटर फिरते आणि दोष मिटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात ठिणगी मोठी होते आणि आज काळे दिसणारे काँटॅक्ट उद्या जळतात. मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवल्याशिवाय 11.1 कडे वळू नका. मॉस्फेट लावला की मोटरचा सगळा करंट त्यातून जातो आणि चापातून जातो तो फक्त इशारा, म्हणून काँटॅक्ट टिकतात.

प्रश्न : माझी रायफल सिंगलवर एकदम अडकते. नंतर सिंगलवर कितीही ओढा, हलत नाही. ऑटोवर घेऊन एक बर्स्ट मारला की सुटते. दुरुस्तीला टाकावी का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आधी बॅटरी चार्ज करा. गिअर मध्येच थांबला, पिस्टन अर्धा ओढलेला राहिला आणि कट-ऑफ लिव्हर उचललेल्या अवस्थेत अडकला की सिंगल चालत नाही. ऑटोवर सिलेक्टर प्लेट लिव्हरला बाजूला धरते म्हणून सुटका होते. कमजोर बॅटरी हे नेहमीचं कारण. 9.6 व्होल्टच्या बॅटरीत 8 सेल असतात. चालत्या रायफलीत ती 8 व्होल्टच्या खाली जात असेल तर थकली आहे. ताज्या बॅटरीवरही होत असेल तर मोटरची उंची आणि मुख्य स्प्रिंग बघा. जड स्प्रिंग टाकून मोटर तीच ठेवली की हे होणारच. चाप अर्धवट ओढून सोडण्याची सवय असेल तर तीही मोडा. आणि अडकलेली रायफल ठेवून देऊ नका, स्प्रिंग दाबलेली राहते. ऑटोवर मोकळी करून मगच बॅगेत टाका.

प्रश्न : मोटर व्यवस्थित फिरते, हवेचा आवाज येतो, पण चार-पाच वेळांत एकदा छर्राच सुटत नाही. हाही वायरिंगचाच दोष का?
— एक वाचक, महू

उत्तर : नाही, हा छर्रा भरण्याचा दोष. दुसरं मॅगझिन लावून पाहा. तेवढ्याने सुटलं तर जुनं साफ करा. किल्ली फिरवायचं मॅगझिन असेल तर किल्ली पुरती भरा. मॅगझिन हाताने वर दाबून धरल्यावर छर्रे नीट जात असतील तर त्याला धरणारी कडी झिजली आहे. मग हॉप-अप (छर्र्याला फिरकी देणारं रबर) शून्यावर आणा. 0.20 ग्रॅमचा छर्रा घट्ट हॉप-अपमध्ये अडकतो. नळी अल्कोहोल लावलेल्या कापडाने साफ करा. जमिनीवरचे छर्रे उचलून पुन्हा भरू नका. मैदानातली माती रबराला ओरबाडते आणि एक चिरलेला छर्रा नळीत अडकला की नोझलच फुटतं. एवढं करूनही तेच, तर टॅपेट प्लेट (नोझल मागे-पुढे नेणारी पट्टी) किंवा तिची स्प्रिंग. त्यासाठी गिअरबॉक्स उघडावाच लागतो.

महूकडे ये-जा करताना रायफल झाकलेल्या पेटीत आणि बॅटरी काढून न्या. लांबून ती कुणालाही खरीच वाटते.

प्रश्न : लिपो घेतली आहे, 7.4 व्होल्ट. उन्हाळ्यात कशी ठेवावी?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत अजिबात नको. पूर्ण चार्ज म्हणजे सेलमागे 4.2 व्होल्ट, दोन सेलचे 8.4. खेळताना कुठलाही सेल 3.2 व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. व्होल्टेज दाखवणारा छोटा बझर बॅलन्स प्लगला (प्रत्येक सेलची तार असलेला छोटा प्लग) लावला की तो वेळेवर ओरडतो. आठवडाभर वापरायची नसेल तर सेलमागे 3.8 व्होल्टवर आणून थंड जागी, धातूच्या डब्यात झाकण हलकं ठेवून ठेवा. बॅलन्स चार्जरवरच आणि समोर बसून चार्ज करा. पाकीट फुगलेलं दिसलं तर त्या बॅटरीला पुन्हा चार्जर लावू नका.